गिअरबॉक्समधली पत्रिका

१

गिअरबॉक्सचा नंबर कुणीतरी ग्राइंडरने घासून काढला होता.

घासलेले नंबर मला नवे नाहीत. म्हसळ्याच्या स्टँडमागे माझं गॅरेज आहे आणि चाळीस वर्षं मी फक्त गिअरबॉक्स उघडतोय. इंजिनाला हात लावत नाही, ब्रेक बघत नाही आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलत नाही. मोरू मिस्त्री तोंडाचा फटकळ आहे पण बॉक्स ओळखतो, असं लोक म्हणतात. दोन्ही खरं आहे.

हा बॉक्स घेऊन आला होता निकेत नावाचा खारघरचा हौशी माणूस. त्याने एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली होती, जिच्यात गिअरबॉक्स सोडून सगळं होतं. आमच्याच नाक्यावरच्या भंगारातून त्याने हा उचलला होता.

"काका, हा कुठल्या मॉडेलचा ते सांगा फक्त. सेट होईल ना? भंगारवाला बोलला, डायरेक्ट बसेल."

"नंबर कुणी घासला?"

"मिळाला तेव्हा असाच होता. पण नंबर का क्या करना है, काका?"

नंबर नसला तरी बॉक्स बोलतो. बिडाचा आहे की अॅल्युमिनियमचा, झाकणाला बोल्ट किती, पुढचा शाफ्ट फिरवला तर मागचा किती फिरतो, एवढं बघितलं की घराणं कळतं. हा चार गिअरचा होता. दुसऱ्या गिअरमध्ये टाकला, शाफ्ट हातात धरून हिसका दिला, तर गिअर आपोआप सुटून बाहेर आला. दुसरा गिअर झिजलेला. इथपर्यंत विशेष काही नव्हतं.

मग मी डिझेल मारून पुढचं तोंड धुतलं आणि मळाखालून एक लोखंडी प्लेट वर आली. तीन गिअरच्या जुन्या जीपला चार गिअरचा बॉक्स बसवायचा तर मध्ये अशी प्लेट लागते. ती बाजारात मिळत नाही, हाताने करावी लागते. या प्लेटचं खालचं डावं भोक गोल नव्हतं, लांबट होतं. ड्रिल घसरलं म्हणून मिस्त्रीने ते कानशीने ओढून बोल्ट बसवला होता.

ते ड्रिल माझ्या हातून घसरलं होतं. अशा चार प्लेटा मी आयुष्यात केल्या, पण असा गाढवपणा एकदाच केला. ही प्लेट मी मधल्या वाडीच्या ओंकार शिगवणच्या जीपसाठी केली होती.

आणि ओंकार शिगवण पाच वर्षांपूर्वी बायकोला टाकून, तीच जीप घेऊन, काशीदच्या एका बाईबरोबर पळून गेला होता.

२

ओंकार हरिहरेश्वरला पर्यटक फिरवायचा. पळून जायच्या चार दिवस आधी तो माझ्याकडे आला होता. दुसरा गिअर सुटतो म्हणाला. मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत, मी आता गाडीखाली शिरत नाही; तू घरी बॉक्स उतरव आणि सोमवारी घेऊन ये. सोमवारी बॉक्स आला नाही, बातमी आली. चहाच्या टपरीवर ती बातमी मी दहा जणांना सांगितली आणि वर म्हटलं, गिअरपण सुटला आणि लंगोटपण. सगळे हसले. माझा विनोद महिनाभर चालला.

निकेतला मी बॉक्स ठेवून जायला सांगितलं आणि भंगारवाल्या सुजितकडे गेलो. सुजित जुन्या टायरांच्या राशीवर बसून पाव खात होता.

"कुणाचा बॉक्स हा?"

"गणराजच्या जीपचा. चैत्रात आख्खी जीप दिली त्यानं मला. खारी हवा लागून चेसीचा पापुद्रा झाला व्हता. का, काय झालं?"

"नंबर तू घासलास?"

"मी कशाला घासू? मना नंबर असलेला बॉक्स जास्त बरा. आन मिस्त्री, मी गाड्या फोडतो, घासत न्हाय."

गणराज म्हणजे ओंकारचा थोरला भाऊ. दोघांचं घर एकच आणि धंदाही एकच. मी तसाच मधल्या वाडीला गेलो. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, रस्त्याच्या बरंच खाली आहे. अंगणातून गाडी वर काढायची तर पहिल्या गिअरचा पूर्ण जोर लागतो. अंगणाच्या पलीकडे जमीन तशीच उतरत जाते आणि तळाला चिऱ्याची जुनी खाण आहे. ती बंद पडून पंधरा वर्षं झाली. आता तिच्यात हिरवं पाणी आहे आणि तिथे कुणी फिरकत नाही.

गणराज ओटीवर बसला होता. पांढरा सदरा, कपाळाला गंध. वाडीत त्याच्या शब्दाला मान आहे.

"मिस्त्री, तुम्ही आणि आमच्या घरी?"

"तुझ्या जीपमधला बॉक्स ओंकारचा होता, गणराज."

तो दचकेल म्हणून मी डोळे लावून बसलो होतो. त्याने नुसता सुस्कारा टाकला.

"असंल. मी पनवेलच्या भंगारातनं घेतला व्हता, तीन वर्षं झाली. नंबर घासलेला व्हता, पण आपल्याला धंद्याशी मतलब. त्यानं जीप तोडून विकली असंल, दुसरं काय. बघा, भावाची चीज फिरून भावाच्याच दारात आली."

"बसवला कुणी?"

"तिथल्याच मिस्त्रीनं. म्हसळ्यात तुम्ही असताना दुसरीकडं जायला नको व्हतं, पण गाडी तिथंच बंद पडली."

"ओंकार गेला तेव्हा तू बघितलंस ना?"

"या डोळ्यांनी. रविवार व्हता. आपल्या वाडीची क्रिकेटची फायनल, सगळी वाडी मैदानावर. हा जीपमधी बसला, वर रस्त्याला लागला, मागं वळून बघितलं पन न्हाय."

सगळं जुळत होतं. चोरलेली किंवा विकलेली जीप तुटते, तिचे भाग फिरतात. मी उठलो. जाताना मागच्या पडवीतून शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि केसर, ओंकारची बायको, दारात आली. मी काय म्हणालो ते तिने सगळं ऐकलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी एसटीने काशीदला गेलो. ती बाई कोण हे गावाला ठाऊक होतं. दिपाली, तिची किनाऱ्यालगत खानावळ, ओंकार पर्यटकांना तिच्याकडे जेवायला न्यायचा. पाच वर्षांत आमच्या गावातून एकही माणूस तिथे खात्री करायला गेला नव्हता. मीही नाही. खात्री केली असती तर गंमत गेली असती.

दिपाली सुरमई कापत होती. ओंकारचं नाव काढल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"माझ्याबरोबर पळाला? मी तर इथंच हाय. पाच वर्षं याच चुलीसमोर. तो शेवटचा आला तवा सहा मानसं घेऊन आला व्हता आन पुढल्या आठवड्यात येतो म्हनाला. मी म्हटलं, विसरला असंल." मग तिचा आवाज चढला. "आन तुमच्या गावात माझं नाव घेतात? रोज एसटी जाते हितून. एकाला चढता आलं न्हाय?"

तिने जेवायलाही विचारलं नाही, आणि बरोबर केलं.

परत आलो तो सरळ गॅरेजात शिरलो आणि बॉक्सचं झाकण उघडलं. बाईबरोबर पळाल्याची गोष्ट खोटी ठरली होती. आता गणराजचं पनवेल खरं की खोटं, हे बघायचं होतं.

झाकणाखाली पॅकिंग असतं. तेल गळू नये म्हणून मध्ये घातलेला पुठ्ठा. आम्ही मिस्त्री लोक ते विकत आणत नाही. कॅलेंडर, बुटांचं खोकं, हाताशी असेल तो जाड कागद घ्यायचा, बिडावर ठेवायचा आणि कडेकडेने हातोडीने ठोकत जायचं. बिडाची धारच कागद कापते. अशा पॅकिंगची कड चेपलेली आणि दातेरी असते. जगातला कुठलाही मिस्त्री असंच करतो, पनवेलचासुद्धा.

हे पॅकिंग कात्रीने कापलं होतं. कड गुळगुळीत, कोपऱ्यांवर कात्री वळवल्याच्या खुणा, बोल्टची भोकं टोच्याने पाडलेली. मिस्त्रीचा हात याला लागलाच नव्हता. कुणीतरी हा बॉक्स घरच्या घरी बसवला होता, कारण तो कुठल्याही मिस्त्रीला दाखवता येत नव्हता. दुसरा गिअर तसाच सुटत होता त्याचंही कारण तेच. दुरुस्त करायला न्यावा लागला असता, आणि आसपास बॉक्सचं काम करणारा मी एकटा.

मी ब्लेडने पॅकिंग अलगद सोडवलं आणि रॉकेलने पुसलं. जाड, गुळगुळीत कार्ड होतं. एका पट्टीवर लाल अक्षरं दिसली. 'चि. सौ. कां. हेमांगी'. हेमांगी गणराजची मुलगी. तिचं लग्न तीन वर्षांपूर्वी वैशाखात झालं, मी जेवून आलो होतो. ही लग्नपत्रिका होती.

दुसरी पट्टी पुसली. तिच्यावर घरच्यांची नावं होती, अर्धी कापलेली. मी दिव्याखाली धरून वाचलं आणि पुन्हा वाचलं.

'कै. ओंकार'.

४

कै. म्हणजे कैलासवासी. वारलेल्या माणसाच्या नावामागे आपण ते लावतो. गाव ज्याला पळालेला म्हणत होतं, तो या पत्रिकेत तीन वर्षांपूर्वीच मेलेला होता.

पण मला आलेल्या पत्रिकेत ओंकारचं नावच नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं. मग ही पत्रिका कुठली? आणि कात्री कुणाची? माझ्या मनात जे नाव आलं ते मला आवडलं नाही. त्या घरात कात्री चालवणारं माणूस एकच होतं. टाकलेल्या बाईला नवऱ्याचा राग किती असू शकतो, हे मला कुणी सांगायला नको.

केसर ब्लाउजं पोचवायला बाजारात येते. मी तिला गॅरेजात बोलावलं आणि पॅकिंग पुढे ठेवलं.

तिने ते ओळखलं. हात लावला नाही.

"ह्या पयल्या पत्रिका. छापून आल्या तवा मीच गठ्ठा सोडला. हे बघितलं आन रडत भावजींकडं गेले. म्हटलं, माझा मानूस जिता हाय, असं अभद्र कसं छापलं? तर म्हनाले, प्रेसवाल्याची चूक. गठ्ठा माळ्यावर टाकला, दुसऱ्या छापून आनल्या. दुसऱ्यात त्याचं नावच न्हाय टाकलं."

"हे कात्रीने कापलंय, केसर."

माझा रोख तिला लगेच कळला. पाच वर्षांत तिला लोकांचे रोख ओळखायची सवय झाली होती.

"माझीच कात्री. लगीन झाल्यावर भावजींनी मागून नेली, दोन दिवसांनी आनून दिली ती तेलानं माखलेली आन धार गेलेली. रेशीम कापंना. मी बोलले तर म्हनाले, टाकलेल्या बाईला रेशीम कशाला लागतंय."

"ओंकार गेला त्या दिवशी तू कुठं होतीस?"

"माहेरी, हरिहरेश्वराला. भावजींचा फोन आला दिवेलागणीला. गेला म्हनं तुझा नवरा." ती थांबली. मग तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, तुम्ही काय शोधताय ते मना कळतंय. तुम्ही व्हय म्हनलात तर मी रांडव. न्हाय म्हनलात तर टाकलेली. तिसरं काय न्हाय माझ्यासाठी. पन एकदा काय ते ठरवून टाका. रोज दोन्ही होऊन मी दमले."

तिच्यावर संशय घेतल्याची मला लाज वाटली. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, सवय हाय.

५

प्रेसवाल्या अंबाजीचं दुकान पोस्टाजवळ आहे. त्याचं आणि माझं जमत नाही, तोही फटकळ आहे.

"पत्रिकेत जिवंत माणसाला कै. लावलंस तू," मी म्हटलं.

त्याला इतका राग आला की तो आत गेला आणि एक तार घेऊन आला. त्या तारेत जुने मजकूर टोचून ठेवलेले होते. गिऱ्हाईक उलटतं म्हणून हा प्रत्येकाचा हस्ताक्षरातला कागद जपून ठेवतो.

"माझी चूक काढायला त्यो गणराज पन आला व्हता. मी हाच कागद त्याच्या नाकासमोर धरला. बघ, तुझंच अक्षर. तवा गप झाला आन म्हनाला, दुसऱ्या छाप. हा कागद मागत व्हता. मी कशाला देतोय?"

मी वाचलं. गणराजचं अक्षर, निळ्या शाईत. 'समस्त शिगवण परिवार: श्री. गणराज रामा शिगवण, कै. रामा शिगवण, कै. ओंकार रामा शिगवण'. बापाचं नाव लिहिताना हात कै. लिहून गेला आणि पुढच्या नावाला थांबला नाही. लिहिताना त्याने विचार केला नव्हता. विचार केला असता तर खोटं लिहिलं असतं.

"तुला विचित्र नाही वाटलं?"

"लग्नाच्या घाईत मेलेल्याची चौकशी कोन करतंय?"

कागद कशाला हवा ते सांगितल्यावर अंबाजीने तो मला तारेवरून काढून दिला, आणि त्याची घडी खिशात घालून मी बाहेर पायरीवर बसलो. ओंकार मेला आहे हे गणराजला तेव्हाच ठाऊक होतं. बॉक्स त्याच्याकडे होता आणि पनवेल खोटं होतं. पण जीप कुठे होती? ओंकार कुठे होता?

मग माझं मलाच हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. चाळीस वर्षं गिअरबॉक्सचं काम करून मला हे पाच वर्षं सुचलं नाही. मीच ओंकारला बॉक्स घरी उतरवायला सांगितलं होतं. रविवार होता, सोमवारी आणायचा होता. म्हणजे त्या दिवशी बॉक्स जीपमध्ये नव्हताच. तो अंगणात उतरवून ठेवलेला होता, म्हणूनच मागे राहिला. गणराज म्हणतो, जीप चढ चढून रस्त्याला लागली. गिअरबॉक्स नसलेली जीप चढ चढत नाही. ओढून वर काढली असती तर दुसरी गाडी आणि चार माणसं लागली असती. एकट्या माणसाला ती एकाच दिशेला नेता येते. चाकांखालचे दगड काढायचे आणि ढकलायचं.

त्या अंगणातून उतार एकाच ठिकाणी जातो.

मी पोलीस ठाण्यात गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी हळू आवाजात बोललो.

६

जीप खाणीतच होती. क्रेनने वर येताना तिच्यातून हिरवं पाणी बराच वेळ गळत राहिलं. आत जे उरलं होतं ते चादरीत मावलं.

गणराज काठावर दोन शिपायांमध्ये उभा होता. मला पंच म्हणून बोलावलं होतं. मला वाटलं तो नाकारेल. पण जीप बघून त्याला बोलायचंच होतं, आणि त्याला वाटत होतं की ऐकल्यावर आम्ही त्याचीच बाजू घेऊ.

"मी मारला न्हाय त्याला. देवाशपथ. बॉक्स उतरवून परत खाली शिरला, तवा जॅक सरकला. कमरेवर आली गाडी. मी जॅकला हात लावला न्हाय."

"मग?" हवालदाराने विचारलं.

"मग काय? उचलली न्हाय."

"का?"

"आदल्या दिवशी वाटणी मागितली व्हती त्यानं. घराच्या मधी भिंत घालायची म्हनाला. मी ओटीवर बसून विचार करत व्हतो. उचलावी का न उचलावी. विचार करता करता वेळ गेला."

"किती वेळ?"

"सकाळपासनं. मैदानावर भोंगा चालू व्हता, त्याची हाक कुठं जात नव्हती. दादा दादा म्हनत व्हता. दुपारी पानी मागितलं. दिवेलागणीला मी केसरला फोन लावला, तवा पन बोलत व्हता, पन बारीक. फोनवर ऐकू जाईल म्हनून मी मागल्या दारी गेलो. फोन करून आलो तवा गप झाला व्हता."

हवालदार वीस वर्षं नोकरीतला माणूस. तो बाजूला जाऊन उभा राहिला. आपण सगळं खरं सांगितलं तरी कुणी मान का डोलावत नाही, हे गणराजला कळेना. बॉक्स फेकून का दिला नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, चांगला बॉक्स व्हता, नुसता दुसरा गिअर सुटायचा. मी त्याच्या तोंडात मारली. पंचाने असं करायचं नसतं. शिपायांनी मला सावकाश बाजूला केलं, तेवढ्यात मी आणखी एक मारली.

केसर वर, चिऱ्याच्या थप्पीवर बसली होती. वाडीतल्या चौघी बायका तिच्याभोवती जमल्या होत्या, ज्या पाच वर्षं तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. आज त्या कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला धावत आल्या होत्या. एकीने तिचा हात धरलेला होता. केसरने तो सोडवून घेतला आणि मला बोलावलं. बायकांना तिने जरा लांब व्हायला सांगितलं.

"मिस्त्री, तुम्ही तिथं व्हतात. भावजी काय बोलले ते ऐकलंत. मना एकच सांगा. त्यो कवा मेला?"

"त्याच दिवशी, केसर."

"त्या दिवशी कवा?"

मला तिचा रोख कळला नाही. बायका कान देऊन होत्या, म्हणून ती आणखी हळू बोलली.

"फोन आला तवा मी आईच्या घरी दिवा लावत व्हते. गेला म्हनल्यावर माझ्या तोंडातनं निघालं, मरू दे त्याला, आत्ताच्या आत्ता मरू दे. दिव्यासमोर म्हनाले मी. नंतर पन रोज म्हनायची, पन पयलं ते तवा. दिवेलागणीला." तिने माझी बाही धरली. "त्यो त्याच्या आधी गेला व्हता का?"

खाली गणराज अजून बोलत होता. त्याचे शब्द इथपर्यंत येत नव्हते, याचं मला बरं वाटलं. उद्या जबाब लिहिला जाईल, कोर्टात वाचला जाईल, आणि दिवेलागण हा शब्द त्यात असेल. ते उद्या. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातलं सुतभर खोटं सहन केलं नाही, लोकांचे अपमान केले.

"दुपारीच गेला," मी म्हटलं. "जॅक सरकला आणि संपलं. त्याला काही कळलंही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने पदर सावरला.

"मंग माझी शिवी न्हाय लागली त्याला," ती म्हणाली.

"न्हाय लागली."

मग तिने बायकांना जवळ बोलावलं आणि स्वतःहून दोन्ही हात पुढे केले.